एक नाव, अनेक आजार : स्तनाच्या कर्करोगाची जनुकीय ओळख

एकाच आकाराच्या दोन गाठी. परंतु एका रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर केवळ गोळ्या पुरतात, तर दुसरीला केमोथेरपी घ्यावी लागते. असे का, हा प्रश्न नातेवाईक नेहमी विचारतात. त्याचे उत्तर जनुकांच्या कार्यात आहे.

शरीरातील बहुतेक सर्व पेशींजवळ जनुकांची तीच खातेवही असते. त्यातील कोणती खाती चालू व कोणती बंद, यावरून पेशीचा व्यवहार ठरतो. जनुक कार्यरत होऊन त्यानुसार प्रथिन तयार होणे, यास जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात.

सन २००० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील चार्ल्स पेरू, डेव्हिड बॉटस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२ व्यक्तींच्या गाठींच्या ६५ नमुन्यांत सुमारे ८ हजार जनुकांची अभिव्यक्ती मोजली. त्यातून गाठींचे निरनिराळे गट दिसून आले. 'ल्युमिनल' गटात इस्ट्रोजेन ग्राहीचे जनुक कार्यरत असते. तेथे टॅमॉक्सिफेनसारखी संप्रेरकरोधक औषधे उपयोगी पडतात. 'हर-टू' गटात त्या नावाचे प्रथिन अतिरिक्त प्रमाणात तयार होते. त्यावरील ट्रॅस्टुझुमॅब या औषधास अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. 'बेसल' गटातील बहुतेक गाठींत ही दोन्ही लक्ष्ये नसतात. त्या वेगाने वाढतात व तेथे केमोथेरपी हाच उपचाराचा मुख्य आधार असतो.

दैनंदिन उपचारासाठी मात्र हजारो जनुके मोजावी लागत नाहीत. इस्ट्रोजेन ग्राही, प्रोजेस्टेरॉन ग्राही व हर-टू या तीन प्रथिनांच्या तपासणीवरून गटाचा बराचसा अंदाज येतो. हर-टूचा निष्कर्ष संदिग्ध असल्यास 'फिश' तपासणी करतात.

या तपासणीचे यश प्रयोगशाळेच्याही आधी, शस्त्रक्रियागृहात ठरते. काढलेली गाठ एका तासाच्या आत फॉर्मॅलिनमध्ये जावी व तेथे ६ ते ७२ तास राहावी, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. विलंब झाल्यास प्रथिने नष्ट होऊन अहवाल चुकीने 'निगेटिव्ह' येऊ शकतो आणि स्वस्त, गुणकारी गोळीला रुग्ण मुकतो. म्हणून नमुन्यावरील वेळेची नोंद ही केवळ कारकुनी बाब नव्हे.

रुग्णांना नम्र विनंती, की खर्च वाचविण्यासाठी ही तपासणी टाळू नये. अहवाल व पॅराफिन ब्लॉक जपून ठेवावेत. देणगीदारांनीही ध्यानी घ्यावे, की औषधाच्या मदतीइतकेच तपासणीच्या मदतीचे मोल आहे. कारण योग्य औषध कोणते, हे तीच सांगते.