ऊसतोडीचा कोयता : पारख आणि निगा



ऊसतोडणी यंत्रे आली असली तरी महाराष्ट्रातील बराचसा ऊस आजही कोयत्यानेच तुटतो. तोडणीच्या व्यवहारात तर नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. तरीही बियाणे आणि खत पारखून घेणारे आपण कोयता मात्र बाजारात चकचकीत आणि स्वस्त दिसेल तो उचलतो. असा कोयता दुपारपर्यंत बोथट होतो. ऊस एका घावात तुटत नाही, बुडखा चिरतो आणि जमिनीवर खुंट राहतो. तोडणीस आलेल्या उसात बुडख्याकडील कांड्यांत साखर अधिक असते. म्हणजे खुंट राहिला की वजन आणि साखर दोन्ही शेतातच राहतात. शिवाय खुंटावरचे वरचे डोळे फुटून खोडवा कमजोर येतो. बोथट कोयत्याला जोर जास्त लावावा लागतो, घाव निसटतो आणि नडगीवर किंवा बोटांवर बसतो. म्हणून कोयत्याची किंमत पाहण्याआधी त्याचे पोलाद, त्याला दिलेले पाणी आणि मुठीचा सांधा या तीन गोष्टी पाहाव्यात.

पोलाद कोणते असावे?

साध्या लोखंडी पट्टीत कर्बाचे प्रमाण ०.२५ टक्क्यांपेक्षा कमी असते. ती कितीही तापवून पाण्यात बुडवली तरी पुरेशी कडक होत नाही. ट्रकच्या कमानीच्या पाट्यात कर्ब सुमारे ०.५ ते ०.६ टक्के असतो. त्यामुळे त्यापासून केलेला कोयता धार धरतो आणि सहसा तुटत नाही. गावचा लोहार बहुधा हेच पोलाद वापरतो, पण विचारून खात्री करावी. जुन्या पाट्यात केसासारखी बारीक चीर असू शकते, म्हणून पाते उन्हात धरून दोन्ही बाजूंनी नीट पाहावे. न गंजणारे पोलाद दिसायला चांगले असते. मात्र स्वस्त प्रकारांची धार टिकत नाही.

पाण्याची पारख

धारेला पाणी बरोबर बसले आहे की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही, कानशीला कळते. खरेदीला जाताना एक बारीक दात्यांची कानस बरोबर न्यावी आणि दुकानदाराची परवानगी घेऊन धारेवर हलकेच फिरवावी.

१) कानस सहज रुतली व लोखंडाचा कीस निघाला, तर धार मऊ आहे. ती लवकर वळेल.

२) कानस काचेवरून घसरावी तशी घसरली, तर धार फार कडक आहे. गाठीवर किंवा दगडावर आपटताच तिचा टवका उडेल आणि शेतात धार लावणेही जमणार नाही.

३) थोडा दाब दिल्यावर कानस धरली, तर पाणी योग्य आहे.

ही चाचणी मुठीजवळ, मध्यभागी आणि टोकाजवळ अशी तीन ठिकाणी करावी. अनेकदा टोक कडक आणि मधला भाग मऊ आढळतो. लोहाराच्या कोयत्याची पाठ धारेपेक्षा थोडी मऊ असली तर ते चांगलेच. अशी पाठ धक्का सोसते.

मूठ आणि सांधा

कामात अचानक पाते निसटून उडणे हा सर्वांत मोठा धोका आहे. पात्याचे निमुळते टोक मुठीत नुसते ठोकलेले नसावे. ते मुठीच्या आरपार जाऊन मागे वळवलेले किंवा रिव्हेटने पक्के केलेले असावे आणि मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडे असावे. मूठ धरून पाते हलवून पाहावे; किंचितही खडखड झाली तर तो कोयता घेऊ नये. मुठीसाठी बाभूळ किंवा धावडा यांचे वाळलेले लाकूड चांगले. ओल्या लाकडाची मूठ वाळल्यावर आकसते आणि सांधा ढिला होतो. कोयता ज्याच्या हाती राहणार, त्यानेच तो हातात धरून निवडावा. पुरुषाच्या हाताला बेताचा वाटणारा कोयता बाईला दिवसभर जड होऊ शकतो.

कोठून घ्यावा?

गावचा लोहार हाताच्या मापाचा कोयता करून देतो आणि झिजल्यावर शेवटूनही देतो, हा मोठा फायदा आहे. टाटा स्टीलच्या 'टाटा अ‍ॅग्रिको'सारख्या नामांकित छापाच्या शेती अवजारांत सहसा एकसारखेपणा असतो, पण कोयत्याची घडण भागाभागाप्रमाणे बदलते, म्हणून आकार पाहूनच घ्यावा. छाप कोणताही असो, वरील चाचण्या टाळू नयेत.

निगा

धार कानशीने, एकाच दिशेने लावावी. धारेच्या दोन्ही बाजू मिळून ३० ते ४० अंशांचा कोन ठेवावा. फिरत्या सहाणेवर धार लावताना पाते वारंवार पाण्यात बुडवावे. धार निळी पडली म्हणजे ती सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली आणि पाणी उतरले असे समजावे. तो भाग घासून काढावा किंवा कोयता पुन्हा पाणी देण्यासाठी लोहाराकडे न्यावा. उसाचा रस किंचित आम्लधर्मी असल्याने पाते गंजते. रोज संध्याकाळी ते धुऊन, पुसून त्यावर तेलाचा हात फिरवावा. मुठीला वर्षातून एकदा जवसाचे तेल पाजावे.

बेणे तोडताना आणखी एक काळजी घ्यावी. खोडव्याची वाढ खुंटवणाऱ्या रोगाचे जिवाणू कोयत्याला लागलेल्या रसातून एका उसातून दुसऱ्यात जातात. म्हणून बेणे निरोगी मळ्यातूनच घ्यावे आणि एका मळ्यातून दुसऱ्यात जाण्यापूर्वी कोयता जंतुनाशकाच्या द्रावणात बुडवून काढावा.

नेता-आणताना पात्याला गोणपाट गुंडाळावे आणि कोयता मुलांच्या हाती लागू देऊ नये. जखम झाल्यास ती स्वच्छ पाण्याने व साबणाने धुऊन दवाखान्यात धनुर्वाताच्या लसीबाबत विचारावे. हंगाम सुरू होण्यापूर्वी घरातील प्रत्येक कोयत्याला एकदा कानस लावून आणि मूठ हलवून पाहावी. ढिला किंवा मऊ निघेल तो आधी दुरुस्त करावा, मगच फडात न्यावा.