बोटं पांढरी पडतात तेव्हा

अगं, फोटो काढलास ते फार बरं केलंस. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत बोटं परत गुलाबी होतात आणि दाखवायला काही उरत नाही. मधल्या पेरापासून टोकापर्यंत चुन्यात बुडवल्यासारखं पांढरं, आणि त्याखाली नेहमीची कातडी. अगदी रेघ मारल्यासारखी हद्द दिसतेय बघ.

याला रेनॉ म्हणतात. मॉरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टराने १८६२ मध्ये हे लिहून ठेवलं. थंडी लागली किंवा मनावर ताण आला की बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या नको इतक्या आकसतात. बोट आधी पांढरं, मग निळं, आणि रक्त परतलं की लालबुंद. तू म्हणतेस तो ठणका तेव्हाचा. आई 'अंगात रक्त नाही' म्हणून बीट खायला घालेल. खा खुशाल, पण हा प्रकार तो नव्हे.

तिशीच्या आत सुरू झालं, दोन्ही हातांना होतं, जखम नाही, म्हणजे बहुधा साधाच प्रकार. तरी एकदा संधिवाताच्या डॉक्टरांना दाखव. ते रक्तातली एएनए तपासणी करतील, नखाच्या मुळाशी भिंगातून बघतील. ल्युपस किंवा स्क्लेरोडर्मा कधीकधी असाच डोकावतो. सांधे धरणं, कातडी ताठरणं, बोटाच्या टोकाला न भरणारी जखम, यातलं काही असेल तर लपवू नकोस. मायग्रेनच्या, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही हे वाढतं, तेव्हा चालू औषधं सांग. आणि आत्याबाईंची मिश्री! तंबाखू, सिगारेट, सगळं रक्तवाहिन्या आवळतं. त्यांच्याही कानावर घाल.

बोट बधिर असताना कढत पाण्यात घालू नकोस, भाजलेलं कळणार नाही. कोमट पाणी घे, नाहीतर हात काखेत धर. स्कूटरवर हातमोजे निघण्याआधी घालायचे, गारठल्यावर नव्हे. आणि स्वेटरही हवा, कारण अंग गार पडलं की बोटांचं रक्त आधी आटतं. एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर निफेडिपीन किंवा अ‍ॅम्लोडिपीन देतात. बाबांच्या रक्तदाबाच्या डबीत यातलीच गोळी असेल, पण परस्पर घेऊ नकोस. रक्तदाब उतरतो, डोकं दुखतं, घोटे सुजतात.

आणि ऊब देऊनही एखादं बोट निळं-काळंच राहिलं, कळ थांबेना, तर माझ्या फोनची वाट बघू नकोस. त्याच दिवशी दवाखाना गाठ.