‘परिस्थिती नियंत्रणात’ असं लिहू नका

रात्रपाळी संपता संपता वॉर्डच्या रिपोर्ट बुकात एक ओळ हमखास पडते: ‘पेशंटच्या नातेवाईकांनी गोंधळ घातला. परिस्थिती नियंत्रणात.’ या ओळीत वेळ नसते, किती माणसं चालून आली ते नसतं, सिस्टरचा हात पिरगळला की नुसती शिवीगाळ झाली हे नसतं, सिक्युरिटीला फोन केल्यावर कोणी आलं की नाही हेही नसतं. सकाळी ओव्हर देताना ती वाचली जाते, पान उलटतं, आणि वर्षअखेरीला ‘कर्मचाऱ्यांवरील हल्ले’ या रकान्यात शून्य उमटतं. मग तेच शून्य पुढे करून जास्तीचा रक्षक नाकारला जातो, रात्रीच्या ड्यूटीला दुसरी सिस्टर नाकारली जाते, आणि तक्रार घेऊन गेलेल्या बाईला विचारलं जातं, ‘तुमच्याच वॉर्डात कसं होतं हे? तुम्ही काय बोललात त्यांना?’ परिचारिका म्हणून मी हा प्रश्न इतका ऐकला आहे की त्याचा राग लपवण्याची मला आता गरज वाटत नाही. आमच्यावरची हिंसा मोजली जात नाही, ती मोजायची नसल्यामुळे. आणि ही मोजणी आम्ही स्वतः हातात घेतल्याशिवाय कायदा, कॅमेरे, रक्षक यांतलं काहीही धडपणे मिळणार नाही, अशी माझी खात्री झाली आहे.

ही खात्री झाली ती एका आकड्यामुळे. अमेरिकेतल्या एका रुग्णालय-समूहात संशोधकांनी कर्मचाऱ्यांना विचारलं, गेल्या वर्षभरात तुमच्यावर कामावर हिंसा झाली का? ज्यांनी ‘हो’ म्हटलं, त्यांतल्या ८८ टक्के लोकांनी रुग्णालयाच्या नोंद-प्रणालीत एकही घटना नोंदवलेली नव्हती. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. तिथे संगणकावर चालणारी तयार प्रणाली होती, तरी ही गत. नोंद केली त्यांत जखम झालेले किंवा कामाचे दिवस बुडालेले लोक जास्त होते. हे वाचलं आणि आपल्याकडच्या शून्याचा उलगडा झाला. नोंदवहीत हिंसा उतरत नाही, हिंसेतलं फक्त रक्त उतरतं. थुंकणं, ढकलणं, अंगावर ट्रे फेकणं, ‘बाहेर ये, बघतो तुला’ अशी धमकी, ड्यूटी संपेपर्यंत दाराशी उभं राहणं, यातलं काहीच टाके घालण्यासारखं नसतं, म्हणून ते घडलंच नाही असं धरलं जातं.

देशाच्या पातळीवरही चित्र वेगळं नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांचा स्वतंत्र तक्ता नसतो. संसदेत प्रश्न आला की आरोग्य आणि कायदा-सुव्यवस्था हे राज्यांचे विषय असल्याने ही माहिती केंद्राकडे ठेवली जात नाही, असं उत्तर मिळतं. ही पोकळी भरायला इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नावाने ‘७५ टक्के डॉक्टरांना हिंसेला तोंड द्यावं लागतं’ हा आकडा वर्षानुवर्षं भाषणांत आणि बातम्यांत फिरतो. किती काळातली हिंसा, कोणत्या प्रकारची, कोणाला विचारून, हे त्याच्यासोबत क्वचितच येतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८ ते ३८ टक्के आरोग्य कर्मचाऱ्यांना नोकरीच्या काळात केव्हा ना केव्हा शारीरिक हिंसा सोसावी लागते. २०१९ साली जगभरच्या अडीचशेहून अधिक अभ्यासांचं एकत्र विश्लेषण झालं. त्यात वर्षभरात कोणत्याही प्रकारची हिंसा अनुभवलेले सुमारे ६२ टक्के निघाले, पण शारीरिक हिंसा अनुभवलेले २४ टक्के. हे आकडे एकमेकांना खोटं पाडत नाहीत, प्रत्येकामागचा प्रश्न वेगळा आहे. म्हणून आपल्या संघटनांना माझं कळकळीचं सांगणं आहे: आंदोलनाच्या पत्रकात टक्केवारी टाकण्याआधी काळ, प्रकार आणि कोणाला विचारलं हे तीन तपशील लिहा. ते नसले की समोरचा अधिकारी आपला आकडा एका वाक्यात उडवून लावतो, आणि आकड्याबरोबर आपलं दुखणंही उडतं.

कोण मोजलं जातं हाही प्रश्न आहे, आणि तो मला जास्त सलतो. धुळ्यात मार्च २०१७मध्ये निवासी डॉक्टरवर भीषण हल्ला झाला, त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. ते रास्तच होतं, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण जे काम थांबवू शकतात त्यांच्यावरची हिंसा दिसते, बाकीच्यांची दिसत नाही. कॅज्युअल्टीच्या दारावर पहिला धक्का खातो तो रक्षक, वॉर्डात पहिली शिवी खातात त्या मामा-मावशी, आणि यांतले कित्येक कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असतात. त्यांना मार लागला तर तो रुग्णालयाच्या हिशेबात येत नाही, कारण ते ‘आपले’ नाहीत. कंत्राटदाराच्या हिशेबातही येत नाही, कारण तक्रार केली की दुसऱ्या दिवशी माणूसच बदलतो. मोजणी करायची तर त्या छपराखाली ड्यूटी करणारा प्रत्येक जण तिच्यात धरा, पगार कोणीही देवो.

प्रशासनाचा पहिला आक्षेप ठरलेला आहे: सगळं लिहायला लागलात तर आकडे फुगतील, रुग्णालयाचं नाव खराब होईल. आकडे वाढतील हे खरं आहे, आणि ते वाढायलाच हवेत. स्वीडनमध्ये ४७ आरोग्यसेवा केंद्रांवर एक प्रयोग झाला. काही ठिकाणी घटना नोंदवून त्यांवर नियमित चर्चा केली गेली, इतर ठिकाणी फक्त नोंद झाली. वर्षअखेरीला चर्चा करणाऱ्या ठिकाणी इतर ठिकाणांपेक्षा ५० टक्के जास्त घटना नोंदल्या गेल्या होत्या. लोक बोलू लागले की आधी असंच होतं. नोंदी वाढल्या म्हणून वॉर्डच्या इन्चार्जला जाब विचारणारा अधिकारी पुढच्या वर्षीचं शून्य स्वतःच घडवत असतो. पुढचा पुरावा याहून बोलका आहे. अमेरिकेतल्या सात रुग्णालयांत ४१ विभागांची दोन गटांत वाटणी केली. एका गटाला त्यांच्याच विभागातल्या घटनांची आकडेवारी हातात दिली आणि ती पाहून स्वतःची उपाययोजना ठरवायला सांगितलं. सहा महिन्यांनी त्या विभागांत हिंसेच्या घटनांचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा कमी होतं, दोन वर्षांनी हिंसेतून होणाऱ्या दुखापतींचं प्रमाणही कमी होतं. म्हणजे आकडा वॉर्डला परत मिळाला की काही बदलतं. आपल्याकडे नोंद वर जाते ती जातेच, आणि मग वरचे लोक विचारतात की सिस्टर लिहीत का नाहीत.

दुसरा आक्षेप प्रामाणिक आहे. तापात बरळणारा, दारू सुटल्याने भ्रमात गेलेला, स्मृतिभ्रंश झालेला पेशंट हात उगारतो तो गुन्हेगार नसतो, त्याची नोंद कशाला? त्याच्यावर गुन्हा दाखल करा असं कोणी म्हणत नाही. पण त्याने मारलेल्या चापटीने मनगट तितकंच सुजतं, आणि अशा पेशंटजवळ रात्री एकटी सिस्टर ठेवायची का, हे ठरवायला तीच नोंद लागते. घटनेची नोंद आणि पोलिसांतली तक्रार या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की हा गुंता सुटतो. गरीब पेशंटचे नातेवाईक आधीच गांजलेले असतात, नोंदवही त्यांच्याविरुद्धच वापरली जाईल, हीही भीती आहे. ती मी हलक्यात घेत नाही. म्हणूनच नोंदीत घटनेच्या आधी काय घडलं ते आलंच पाहिजे: बेड मिळेना, औषध बाहेरून आणायला सांगितलं, बिल भरेपर्यंत मृतदेह मिळेना, मृत्यूची बातमी कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या सांगितली. अशा शंभर नोंदी एकत्र ठेवल्या की नातेवाईकांइतकीच रुग्णालयाची व्यवस्थाही उघडी पडते. प्रशासनाला ही वही नको असते ती बहुधा याच कारणाने.

हे अशक्य आहे असं कोणी म्हणालं तर कॅलिफोर्नियाचं उदाहरण द्या. तिथे २०१४च्या कायद्याने केलेले नियम २०१७पासून लागू आहेत. रुग्णालयाला हिंसेची नोंदवही ठेवावी लागते आणि तिच्यात पीडिताची ओळख उघड होईल असं काही नसतं. ‘माणसं कमी होती का’, ‘कर्मचारी एकटा होता का’, ‘मदत मागता आली का’ असे रकाने तिच्यात आहेत. जखमेची शक्यता मोठी असेल किंवा मानसिक आघात झाला असेल, तर प्रत्यक्ष जखम झाली नसली तरी बळाच्या वापराची घटना ७२ तासांत सरकारी यंत्रणेला कळवावी लागते, गंभीर असेल तर २४ तासांत.

आता आपल्या हातात काय आहे ते सांगते. महाराष्ट्रात २०१०पासून वैद्यकीय सेवेतल्या व्यक्ती व संस्थांवरील हिंसेविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. त्याखालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे, मालमत्तेच्या नुकसानीची दुप्पट भरपाई आहे. तरी पोलीस ठाण्यात साधी दुखापत आणि शिवीगाळ एवढंच सांगितलं की ‘एनसी’ हातात पडते, कारण सर्वसाधारण कायद्यात ते अदखलपात्र आहे. म्हणून अर्जातच २०१०च्या अधिनियमाचा उल्लेख करा. डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी, निमवैद्यकीय कर्मचारी त्यात येतात. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात प्रशिक्षणार्थी डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाल्यानंतर १६ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने केंद्रीय संस्था आणि वैद्यकीय महाविद्यालयांना कळवलं की हल्ला झाल्यास सहा तासांच्या आत संस्थेच्या वतीने एफआयआर नोंदवण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखाची आहे. हा कागद जवळ ठेवा. ‘तुझी तक्रार आहे, तूच जा ठाण्यात’ असं म्हणणाऱ्याला तो दाखवा. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या राष्ट्रीय कृती दलाने स्वतंत्र केंद्रीय कायद्याची गरज नाही असं म्हटलं. मला ते पटलेलं नाही, पण त्यामुळे तरी आहे तो कायदा वापरण्याला पर्याय उरत नाही.

मार लागला असेल, ओरखडा का असेना, तर आधी कॅज्युअल्टीत स्वतःची एमएलसी (वैद्यकीय-कायदेशीर नोंद) करून घ्या. दुसऱ्याच्या जखमा लिहिणारे आपण स्वतःच्या जखमेला बँडेड लावून ड्यूटी पुरी करतो आणि तिथेच पुरावा संपतो. नोंद त्याच पाळीत करा, आणि ती अशी दिसली पाहिजे: ‘रात्री २.१०. पुरुष मेडिसिन वॉर्ड. ३८ पेशंट, १ परिचारिका, १ मावशी. चार नातेवाईक. ऑक्सिजनचा सिलिंडर बदलायला उशीर झाल्यावरून वाद. एकाने उजवा हात पिरगळला. सिक्युरिटीला २.१२ला फोन, रक्षक २.३५ला आले.’ शिवी ‘अपशब्द’ म्हणून गुंडाळू नका, उच्चारली तशी लिहा, लाज उच्चारणाऱ्याला वाटू दे. अर्जाची दुसरी प्रत काढून तिच्यावर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. एनसी दिली तरी तिचा नंबर घ्या. ‘आपसात मिटवलं’ या कागदावर त्या रात्री सही करू नका, कोणीही कितीही प्रेमाने पाठीवरून हात फिरवला तरी. लैंगिक छळ असेल तर अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्या, ती या वहीत विरघळू देऊ नका. बाकी नेहमीचंच: एकटीने वाद घालू नका, दाराकडची वाट मोकळी ठेवा, आवाज चढवू नका, वेळेवर मदत मागा. हे सगळे सांगतात; बोलावल्यावर मदत यायला किती मिनिटं लागतात, ते मात्र कोणी मोजत नाही.

महिन्याच्या शेवटी वॉर्डातल्या नोंदींची बेरीज स्वतः करा: प्रकारानुसार, पाळीनुसार, आणि दर हजार पेशंट-दिवसांमागे किती, अशी. नुसती संख्या सांगितली तर मोठा वॉर्ड नेहमीच वाईट दिसतो. हा तक्ता मेट्रनच्या सहीने वर पाठवा आणि वॉर्डच्या फलकावर लावायची मागणी करा. सरकारी किंवा पालिकेचं रुग्णालय असेल आणि वरून उत्तर येत नसेल, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. अर्जात ‘किती हल्ले झाले’ असं विचारू नका, त्याचं उत्तर शून्य तयारच असतं. असं विचारा: गेल्या तीन वर्षांत कर्मचाऱ्यांकडून, कंत्राटी धरून, हिंसेचे किती लेखी अर्ज आवक झाले, त्यांतल्या किती प्रकरणांत संस्थेने स्वतः एफआयआर नोंदवला, किती तासांत, आणि त्या प्रत्येक पाळीला मंजूर पदांपैकी किती माणसं ड्यूटीवर होती.