सापडणे आणि साधणे : सेटिंग्जच्या मांडणीचा एक प्रश्न

यंत्रात एखादी सोय आहे, पण ती आहे हेच ठाऊक नसेल तर ती नसल्यातच जमा. उलट प्रत्येक सोय डोळ्यांपुढे मांडून ठेवावी, तर रोजचे काम उरकणाऱ्याची वाट अडते. संगणकाच्या सेटिंग्जची रचना करणारास ही ओढाताण चुकत नाही.

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांस यातील भेद परिचित असेल. पाहून ओळखणे सोपे, आठवून सांगणे अवघड. १९८४ साली ॲपलचा मॅकिन्टॉश आला, तेव्हा आज्ञा पाठ करण्याऐवजी मेनूत वाचून निवडता येऊ लागली. पण नेहमीच्या आज्ञांपुढे, त्याच ओळीत, कीबोर्डवरील जोडकळही छापलेली असे. नवख्याने ओळ वाचावी आणि वाचता वाचता कळ अंगवळणी पाडावी. हा उपाय मला आजही सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

मायक्रोसॉफ्टने ‘ऑफिस २०००’मध्ये निराळी युक्ती योजली. क्वचित वापरातली कलमे मेनूतून आपोआप लपत. हेतू चांगला, परंतु कलमांच्या जागा हलल्या की हाताची सवय मोडते, आणि नवख्याला जे दिसत नाही ते त्याच्या लेखी नाहीच! ‘ऑफिस २००७’मध्ये वर्ड, एक्सेल इत्यादींतून ते मेनू जाऊन रिबन आली.

आपल्या मराठीचेच उदाहरण घ्या. मोबाइलवर मराठी कीबोर्ड जोडणे हे बहुधा एकदाच करावयाचे काम. भाषा बदलणे मात्र दिवसातून दहा वेळा. म्हणून पहिले काम सेटिंग्जच्या यादीत आत असले तरी चालते, दुसऱ्यासाठी पृथ्वीगोलाची कळ हाताशी हवी. विंडोजमध्ये हेच काम विंडोज-कळ व स्पेस एकत्र दाबून होते. परंतु गोलाची कळ उमटते ती दुसरी भाषा जोडल्यानंतर! जोडण्याची जागाच ज्यांना सापडली नाही, असे कित्येकजण मराठी पत्रे रोमन लिपीत लिहीत राहतात. येथे प्रश्न केवळ सोयीचा उरत नाही, लिपीचा होतो.

अलीकडे सेटिंग्जमध्ये शोधपेटी असते. तिने पुष्कळ साधते; मात्र शोधणाऱ्याचा शब्द आणि मांडणाऱ्याचा शब्द एक असावा लागतो. ‘अक्षर मोठे’ शोधणाऱ्यास ‘फॉन्ट’ ठाऊक नसतो. ग्रंथालयाच्या तालिकेत अशा वेळी ‘पाहा’ अशी नोंद असते. एका सेटिंगला तिची चार बोलीतली नावे आतून जोडून ठेवणे हे त्याच जातीचे काम आहे, आणि त्याने पडद्यावर एकही ओळ वाढत नाही.