इंजिन उघडा, गणिताची वहीही उघडा



आमच्या माण परिसरातले बरेच पालक चाकण, भोसरीच्या कारखान्यांत कामाला जातात. "सर, आम्हाला कुठं गणित येतं, पोराला काय शिकवणार?" असं म्हणतात. पण सुट्टीच्या दिवशी हेच पालक जुन्या स्प्लेंडरचं इंजिन घरी उघडतात! तेव्हा मुलाला हाकलू नका, वही देऊन शेजारी बसवा.

१. निरीक्षण : गाडी उघड्यावर चालू करून धुराचा रंग विचारा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. बहुधा पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील झिजलेत. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय.

२. क्रम : इंजिन थंड झाल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करा. पुठ्ठ्यावर इंजिनाचं चित्र काढून निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचायला सांगा. जोडताना उलटा क्रम.

३. घनफळ (मोठ्या मुलांसाठी) : सिलिंडरचा व्यास ५ सेंमी, पिस्टनची धाव ४.९५ सेंमी.
३.१४ × २.५ × २.५ × ४.९५ = सुमारे ९७ घनसेंमी.
आपण जिला '१०० सीसी'ची गाडी म्हणतो, ती हीच!

पालकांनो, गणित तुमच्या हातात आहेच. फक्त काम करताना मोठ्याने बोला, मूल ऐकतंय.