बदल घडवताना सर्वांना सोबत घेऊ या
(वाचन : प्रेषितांची कृत्ये ६:१-७)

यरुशलेममधील पहिली ख्रिस्तसभा वाढू लागली, तशी तिच्यात कुरकूरही सुरू झाली. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. प्रेषितांनी तक्रार दडपली नाही, की आपसांत ठरवून निर्णय लादला नाही. त्यांनी सर्व शिष्यांना बोलावले. प्रार्थना व वचनसेवा आम्ही सोडणार नाही, हे स्पष्ट सांगितले आणि वाटपासाठी सात जण निवडण्याचे काम लोकांवरच सोपवले. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने लोकभाषेतील उपासनेची वाट मोकळी केली. त्याच दस्तऐवजाच्या २३ व्या कलमात मात्र सावधगिरीही सांगितली आहे : ख्रिस्तसभेच्या हितासाठी खरोखर गरज असेल तरच नवे आणावे आणि ते जुन्यातूनच उमललेले असावे.

मिस्साची वेळ, गीतांच्या चाली, सणाची मिरवणूक यांत आपल्या वडीलधाऱ्यांचा जीव गुंतलेला असतो. काही बदलण्याआधी त्यांचे ऐकून घेऊ या, कारण समजावून सांगू या. तसेच 'पूर्वीपासून असेच चालत आले आहे' एवढेच म्हणून तरुणांना गप्प बसवू नये. यरुशलेमेत त्यानंतर देवाचे वचन पसरत गेले व शिष्यांची संख्या वाढली. आपल्या बदलाचीही कसोटी हीच.

समूहात चर्चेसाठी :
१. आपल्या धर्मग्रामात कोणाचे म्हणणे ऐकायचे राहून गेले आहे?
२. आपल्या कोणत्या प्रथेत श्रद्धा आहे आणि कोणती केवळ सवय?