रुग्णाची बोली आणि औषधाची निवड

होमिओपॅथीत औषधाची निवड मुख्यत्वे रुग्णाच्या वर्णनावरून होते. म्हणून शब्दाचा अर्थ चुकला की निवडही चुकते. केंट, बोरिक आदी अमेरिकी वैद्यांचे ग्रंथ आजही वापरात आहेत. अमेरिकी बोलीत ‘मॅड’ म्हणजे संतापलेला. इंग्लंडमध्ये मात्र वेडा. ‘सेपिया’च्या वर्णनातील ‘ऑल गॉन’ म्हणजे खाऊनही न भरणारी पोटातील पोकळी.

वाराणसीत रुग्णाची भाषा हिंदी आणि ग्रंथाची इंग्रजी. ‘जी घबराता है’ ही तक्रार मळमळीची किंवा जिवाच्या तगमगीची असू शकते. ब्रह्माघाटावरील मराठी माणसाचे ‘घाबरणे’ म्हणजे भीती. दोन्हींची नोंद ‘फिअर’ अशीच झाली, तर हृदयविकाराची पूर्वसूचनाही नजरेआड होईल. यास्तव रुग्णाचे मूळ शब्द टिपावेत, अर्थ त्यालाच विचारावा आणि मगच ग्रंथ उघडावा.